3,247 रुपये कुठे गेले?

दुपारचं आवरून कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही बचत गटाच्या हिशेबातल्या एका फरकाबद्दल बोलणार आहोत. आम्ही म्हणजे गटाच्या अकरा जणी आणि त्यांची समन्वयक. यातलं बरंचसं आमच्या शहाणपणाचं नाही, चुकांचंच आहे. ते आधी सांगून टाकतो.

जून 2022 ची अखेर. गटाचा वर्षाचा हिशेब लावायला आम्ही समाजमंदिरात बसलो होतो. रोजकीर्द, खातेवही, बचतीचं पुस्तक, सगळं पुढ्यात. वहीप्रमाणे गटाच्या बचत खात्यात 38,400 रुपये हवे होते. त्याच दिवशी सकाळी आमच्या अध्यक्षा बँकेत जाऊन आल्या होत्या. पासबुक भरून मिळालं नव्हतं, पण काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीनवर बघून आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिला होता. 35,152 रुपये 50 पैसे. म्हणजे 3,247 रुपये 50 पैसे कमी.

तीनदा बेरीज केली. कॉलेजला जाणाऱ्या एका पोरीला बोलावून मोबाइलवर करून घेतली. फरक तेवढाच.

मग सगळ्यांच्या नजरा एकीकडेच गेल्या. आमच्या कोषाध्यक्षा, ज्यांना सगळं गाव आक्का म्हणतं, त्या पाच वर्षं बँकेत भरणा करतात. पेटीची चावी त्यांच्याकडे. शिक्षण सहावी. पैसे काढायच्या चिठ्ठीवर सही त्यांची आणि सचिवांची. कुणी थेट काही बोललं नाही, पण एकीनं म्हटलंच, "पैसा काय उंदरानं खाल्ला का?" आक्का काही बोलल्या नाहीत. आणि आम्हीही बोललो नाही. उलट त्या दिवशीच्या इतिवृत्तात आमच्याच हातानं लिहिलं गेलं, 'फरकाबाबत कोषाध्यक्षांनी पुढील सभेत खुलासा करावा.' वाक्य साधं दिसतं. पण ज्या बाईचं नाव त्यात आहे, तिनं ते घरी नवऱ्याला कसं सांगायचं?

पुढच्या आठवड्यात आक्का आल्या आणि पदराच्या गाठीतून 3,250 रुपये काढून सतरंजीवर ठेवले. करडू विकलं होतं. म्हणाल्या, "मी न्हाई खाल्लं. पर मिटवा आता." आणि पेटीची चावी काढून पैशांवर ठेवली.

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर त्या दिवशी दोघी-तिघींचं मत होतं, घ्यावेत आणि विषय संपवावा. गटात कटकट नको. आमच्या अध्यक्षा मात्र म्हणाल्या, की पैसे घेतले म्हणजे चोरी ठरली. बँकेचा कागद बघितल्याशिवाय कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे आक्कांना परत दिले. चावी त्यांनी घेतली नाही. ती अध्यक्षांच्या घरी खुंटीवर लटकत राहिली.

आता बँकेचा कागद. यात काय अवघड, असं आम्हालाही वाटलं होतं. गटाचं पासबुक शेवटचं भरलं होतं नोव्हेंबर 2020 मध्ये. त्यानंतर करोनाची दुसरी लाट, मग आमचाच आळस. बँक अठरा किलोमीटरवर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून झालं, तेव्हा नव्हतं. वडापनं जायचं, दोघींनी जायचं, म्हणजे दोघींची रोजंदारी बुडायची.

पहिल्यांदा गेलो तर पासबुक छापायचं मशीन बंद. दुसऱ्यांदा मशीन चालू, पण पासबुकाची पानं संपलेली, नवं पासबुक द्यायचं तर मॅनेजरची सही लागते आणि साहेब मीटिंगला गेलेले. तिसऱ्यांदा लिंक नव्हती. चौथ्यांदा साहेब भेटले. म्हणाले, "एवढं जुनं स्टेटमेंट इथून निघत नाही. आणि काढायचं तर पानाला पैसे पडतील. तुमच्या खात्यात कोण काय काढतंय ते तुम्हाला माहीत असायला हवं ना?" शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. आम्हाला ते आक्कांवर ठेवलेल्या बोटासारखं वाटलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बँकेतली सगळी माणसं वाईट नसतात. चार माणसांचं काम दोघं करत असतात, ओळ दारापर्यंत आलेली असते. काउंटरवरच्या त्या मॅडमनीच आकडा लिहून दिला होता. पण तोंडी मागितलेली गोष्ट तोंडीच नाकारता येते. चार फेऱ्या मारल्यावर आमच्याकडे दाखवायला काय होतं? वडापच्या भाड्याची तर पावतीही मिळत नाही. आम्ही बँकेत गेलो होतो याचाच पुरावा नव्हता.

तालुक्याच्या ठिकाणी आर्थिक साक्षरता केंद्र असतं. जिल्ह्याची अग्रणी बँक ते चालवते. तिथे एक निवृत्त बँक कर्मचारी बसायचे. त्यांना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अर्ज दिलात का?" आम्ही म्हटलं, नाही. ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्ही अजून बँकेत गेलाच नाहीत."

त्यांनी सांगितलं ते असं. जुनं निघत नाही, हे उत्तर चालत नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार बँकेला प्रत्येक व्यवहाराची नोंद किमान पाच वर्षं जपून ठेवावीच लागते. आपण तर दीड-दोन वर्षांचं मागत होतो. दुसरं, रिझर्व्ह बँकेनं जून 2017 मध्ये सगळ्या व्यापारी बँकांना लिहून कळवलं आहे, की पासबुकात किंवा खातेउताऱ्यात शुल्क कापल्याची नोंद करताना ते कसलं आहे, फी आहे की कमिशन आहे की दंड, आणि का कापलं, हे थोडक्यात लिहिलं पाहिजे. नुसतं 'चार्जेस' लिहून भागत नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. समन्वयक बीए झालेली आहे, दहा वर्षं गटांत काम करते, तिलाही नव्हतं.

मग अर्ज लिहिला. तो वाचून दाखवतो, तुम्हाला उपयोगी पडेल. 'प्रति, शाखाधिकारी. आमच्या गटाच्या बचत खात्याचा आणि कर्ज खात्याचा 1 नोव्हेंबर 2020 ते 30 जून 2022 या काळातला पूर्ण खातेउतारा मिळावा. प्रत्येक कपातीपुढे ती कशाची आहे ते लिहिलेलं असावं. उताऱ्यासाठी शुल्क लागत असल्यास ते किती आणि कोणत्या नियमाने, हे लेखी कळवावे. सोबत गटाचा ठराव आणि तिघी पदाधिकाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती.' बस. त्यात रागाचा शब्द नाही, कुणावर आरोप नाही. पहिल्या कच्च्या अर्जात आम्ही चार फेऱ्यांचं सगळं रडगाणं लिहिलं होतं, ते त्या काकांनी खोडायला लावलं. म्हणाले, "तक्रार नंतर. आधी कागद."

अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एक त्यांना, दुसरीवर पोच घ्यायची, म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. टेबलावरचे भाऊ म्हणाले, "ठेवून जा, बघतो." शिक्का मारीनात. मग आम्ही तशाच उठून समोरच्या पोस्टात गेलो आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवला. रस्त्याच्या पलीकडे पाठवायला तिकीट लावलेलं बघून पोस्टातले मास्तर आमच्याकडे बघतच राहिले. आठ दिवसांनी पोचपावती परत आली, बँकेचा गोल शिक्का घेऊन. ती आम्ही इतिवृत्ताच्या वहीत टाचून ठेवली. तो आमचा पहिला कागद.

ऑगस्ट गेला. उत्तर नाही. मग माहितीचा अधिकार. आमची बँक राष्ट्रीयीकृत, म्हणून तिला हा कायदा लागू. खासगी बँकेला असा अर्ज चालत नाही, ते लक्षात ठेवा. आम्ही ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत असे अर्ज दिलेले, तिथे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावतात. तसाच इथे लावला. अर्ज परत आला. बँक केंद्राच्या नियमात येते, तिथे स्टँप चालत नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. पंधरा दिवस असे फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतो. आणि ज्या बाईचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत आहे, तिनं दाखला जोडला की तिला हे दहा रुपयेही लागत नाहीत.

आणखी एक बारकावा. हा अधिकार नागरिकाला आहे, गटाला नाही. म्हणून अर्ज अध्यक्षांनी स्वतःच्या नावानं केला आणि गटाचा ठराव जोडला. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. ऑक्टोबरमध्ये विभागीय कार्यालयाचं पत्र आलं, पानाला दोन रुपयांप्रमाणे सहा पानांचे बारा रुपये भरा. भरले. ज्या कागदासाठी चार वेळा जिल्ह्याला जाऊन यावं एवढा खर्च झाला होता, तो बारा रुपयांत घरी आला.

त्या सहा पानांसमोर आम्ही एक अख्खी दुपार बसलो. सगळं इंग्रजीत, तेही तुटक. तीच कॉलेजची पोरगी वाचायची, एकजण वहीत शोधायची आणि जी नोंद वहीत सापडत नाही तिच्यापुढे पेन्सिलीनं फुली. भरणा जुळला. काढलेले पैसे जुळले. आक्कांनी भरलेला प्रत्येक शंभर-शंभरचा हप्ता, त्याच तारखेला किंवा दुसऱ्या दिवशी, पैसा न् पैसा बँकेत होता. फुल्या पडल्या त्या भलत्याच ठिकाणी.

मार्च 2021 मध्ये आम्ही दोन लाख वीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. अकरा जणी, प्रत्येकीला वीस हजार. कर्ज मिळालं त्याच दिवशी बचत खात्यातून 2,596 रुपये गेले होते. कर्जाच्या एक टक्का प्रोसेसिंग, 2,200, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. त्यानंतर दर तीन महिन्यांनी 295 रुपये, 'इन्स्पेक्शन'. असं पाच वेळा, म्हणजे 1,475. इन्स्पेक्शन म्हणजे पाहणी. पंधरा महिन्यांत आमच्या शेळ्या, शिलाई मशीन, मिरचीचा कांडप बघायला बँकेतून एकदाही कुणी आलं नव्हतं. आलं असतं तर चहा पाजला असता. शिवाय एसएमएसचे दर तिमाहीला 17 रुपये 70 पैसे, त्याचे साडेअठ्ठ्याऐंशी. सगळे मिळून 4,159 रुपये 50 पैसे.

तुम्ही म्हणाल, फरक तर 3,247 चा होता. तो आमचाच गाढवपणा. बँकेनं बचतीवर 912 रुपये व्याज जमा केलेलं, ते आम्ही वहीत कधी धरलंच नव्हतं. ते मिळवलं की आकडा पैशापर्यंत जुळतो. म्हणजे आक्कांच्या खात्यावर जेवढं गेलं असं आम्ही समजत होतो, त्याहून नऊशे रुपये जास्त गेले होते, आणि त्यातला एक रुपयाही त्यांच्या हातातून गेला नव्हता.

आणि एसएमएसचे पैसे कापले, मग ते एसएमएस गेले कुठे? खात्याला नंबर होता आमच्या आधीच्या सचिवांचा. त्या 2020 मध्ये नवऱ्याबरोबर पिंपरीला राहायला गेल्या. मेसेज त्यांना जायचे. इंग्रजी दिसलं की जाहिरात समजून त्या पुसून टाकायच्या. पदाधिकारी बदलल्यावर सह्या बदलून घेतल्या, नंबर बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज हे ऐकताय त्यातल्या किती गटांचा नंबर असाच दुसऱ्या गावाला गेलाय, ते संध्याकाळी एकदा विचारा.

आता हे शुल्क कापायचा बँकेला हक्क होता का? सगळेच शुल्क बेकायदा नसतात, हे आधी समजून घ्या. पण बचत गटाच्या कर्जाला एक खास नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जांविषयीच्या 4 सप्टेंबर 2020 च्या निर्देशांत तेव्हा म्हटलं होतं, की पंचवीस हजारांपर्यंतच्या अशा कर्जावर कर्जाशी संबंधित सेवाशुल्क किंवा पाहणी शुल्क घ्यायचं नाही. आणि पुढचं वाक्य आपल्यासाठी महत्त्वाचं. बचत गट असेल तर ही पंचवीस हजारांची मर्यादा पूर्ण गटाला नाही, दर सदस्याला धरायची. आमच्या वाट्याला प्रत्येकी वीस हजार. म्हणजे प्रोसेसिंग घ्यायला नको होतं, इन्स्पेक्शनही घ्यायला नको होतं.

तेव्हाच्या त्या मर्यादेत, गटात दहा जणी आणि कर्ज तीन लाखांचं असेल, तर वाटणी तीस हजार व्हायची, तिथे हा नियम धरून भांडता येत नव्हतं. वाटणी मर्यादेच्या वर जात असेल, तर बँकेचं स्वतःचं शुल्कपत्रक मागा आणि त्यात काय लिहिलंय ते बघा. उगाच चुकीच्या नियमावर बोट ठेवून गेलो, की खरी तक्रारही खोटी पडते. ग्रामीण अभियानातल्या गटांसाठी आणखी एक नियम आहे. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, आणि गटाच्या बचत खात्यातले पैसे अडकवून ठेवायचे नाहीत. आमच्या ग्रामसंघातल्या एका गटाचे तसे अडकवलेले होते. ती गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी.

ऑक्टोबरच्या शेवटी दुसरा अर्ज लिहिला, या वेळी तक्रारीचा. कोणत्या तारखेला किती कापले, कोणत्या नियमाविरुद्ध, परत किती हवेत. उताऱ्याची प्रत जोडली. एसएमएसचे साडेअठ्ठ्याऐंशी त्यातून सोडून दिले, कारण नंबर न बदलणं ही चूक आमची होती. मागणी 4,071 रुपयांची. या वेळी टेबलावरच्या भाऊंनी न सांगता शिक्का मारला. एका रजिस्टर पत्रानं माणूस किती बदलतो!

नोव्हेंबरात उत्तर आलं, दोन ओळींचं. शुल्क बँकेच्या धोरणानुसार आकारले आहे. तोवर सप्टेंबरचे 295 आणखी गेले होते. डिसेंबरातही जाणारच होते, गेले.

बँकेनं नाही म्हटलं किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर 2021 पासून सगळ्यांसाठी एकच योजना झाली आहे. ऑनलाइन अर्ज करता येतो, साध्या कागदावर लिहून टपालानंही पाठवता येतो. फी काही नाही. वकील लागत नाही. माहिती विचारायला 14448 हा नंबर आहे. मात्र थेट तिकडे गेलात, आधी बँकेला लेखी दिलेलं नसेल, तर तक्रार घेत नाहीत. इथे आमच्या त्या टाचलेल्या पोचपावत्या कामाला आल्या. समन्वयकेच्या मोबाइलवरूनच तक्रार भरली, कागदांचे फोटो जोडले. आणि एक सावधगिरी. कुणी फोन करून 'लोकपाल कार्यालयातून बोलतोय, पैसे परत जमा करायला ओटीपी सांगा' असं म्हटलं तर फोन ठेवून द्या. पैसे परत द्यायला बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही.

पतसंस्थेत पैसे असतील तर हा रस्ता नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, तिथली तक्रार तालुक्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात.

फेब्रुवारी 2023 मध्ये, निकाल वगैरे काही यायच्या आधीच, खात्यात पैसे जमा झाले. 2,596, आणि सात वेळचे 295. एकूण 4,661. नव्या सचिवांच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हा त्या ज्वारी काढत होत्या. रानातूनच ओरडत आल्या.

आता यातला खर्चही सांगू. नाहीतर तुम्हाला वाटेल लॉटरी लागली. सहा फेऱ्या, दोघींचं भाडं धरून 600 रुपये. टपाल, झेरॉक्स, पोस्टल ऑर्डर मिळून 140. दोघींचे सहा दिवस बुडाले, अडीचशे रुपये रोजानं 3,000. म्हणजे 4,661 मिळवायला 3,740 गेले, उरले 921. सात महिन्यांचे. एका सदस्येचा नवरा हे ऐकून म्हणाला, एवढ्यात तर तुम्ही भांगलायला गेला असता तर बरं झालं असतं. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण त्या हिशेबात आक्का नाहीत.

आक्कांचं काय झालं ते सांगतो. उतारा आला त्या दिवशीच आम्ही सगळ्याजणी त्यांच्या घरी गेलो. माफी मागणं आपल्या बायकांना जमत नाही फारसं. एकीनं नुसतं त्यांच्या चुलीपुढे बसून भाकरी थापायला घेतल्या. ज्या बाईनं उंदराचं म्हटलं होतं, तिनं. आक्का म्हणाल्या, "वहीत लिवलंय ते पुसा." पण इतिवृत्तात खाडाखोड करता येत नाही. मग पुढच्या सभेत रीतसर ठराव घेतला, 'जूनच्या सभेतील फरक बँकेच्या शुल्ककपातीमुळे होता, कोषाध्यक्षांचा भरणा पूर्ण जुळला, त्यांच्याकडून कोणताही खुलासा अपेक्षित नाही.' अकरा सह्या. हा ठराव आक्कांनी समन्वयकेकडून झेरॉक्स करून मागून घेतला आणि घरी नेला. नवऱ्याला दाखवायला. चावी मात्र त्यांनी लगेच घेतली नाही. ती मार्चपर्यंत खुंटीवरच होती.

या प्रकरणानंतर ग्रामसंघातले बाकीचे गटही आपापले उतारे मागू लागले, आणि बायका स्वतःची घरची पासबुकं घेऊन सभेला यायला लागल्या. त्यात काय काय निघालं! बऱ्याच जणींच्या खात्यातून 436 किंवा 20 रुपये गेलेले. ते बघून घाईनं तक्रार करू नका. 436 हा जीवनज्योती विम्याचा आणि 20 हा सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता आहे, जून 2022 पासून तेवढा झाला. पहिल्यात कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. तुम्ही सही दिली नसेल तर जरूर विचारा, पण विमा बंद करायच्या आधी दोनदा विचार करा. एका सदस्येचा दीर वारला तेव्हा त्याच्या खात्यातून 436 जात होते, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. पासबुक वाचलं म्हणून जावेला दावा करता आला.

दुसरं, किमान शिल्लक नाही म्हणून दंड. तुमचं खातं जनधनचं असेल, म्हणजे मूलभूत बचत खातं, तर त्यात शिल्लक शून्य असली तरी दंड नाही, आणि एटीएम कार्डाचंही वर्षाचं शुल्क नाही. साधं बचत खातं असेल तर बँक दंड लावू शकते, पण एप्रिल 2015 पासून नियम आहे, की आधी कळवायचं, शिल्लक भरायला महिनाभर मुदत द्यायची, दंड जेवढी रक्कम कमी तेवढ्याच प्रमाणात, आणि नुसत्या दंडामुळे खातं वजा होता कामा नये. एका पोरीचं शिष्यवृत्तीचं खातं वजा 600 दाखवत होतं. एका पानाचा अर्ज दिला, आठवड्यात शून्यावर आलं. साधं खातं मूलभूत खात्यात बदलूनही मिळतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आता गटात आम्ही एक काम ठरवून घेतलंय. दर तिमाहीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघींनी जाऊन पासबुक भरून आणायचं, आणि ते सभेत मोठ्यानं वाचायचं. दर वेळी जोडी वेगळी. पासबुक भरून मिळालं नाही तर तिथेच बसून अर्ज लिहायचा. अर्जाचे कोरे कागद आणि कार्बन आक्कांच्या पिशवीत असतात. हो, चावी त्यांनी घेतली परत.

मार्चमध्ये इन्स्पेक्शनचे पैसे कापले गेले नाहीत. आम्हाला वाटलं, झालं आता. जून 2023 अखेर मेसेज आला, 295 रुपये वजा. या वेळी समन्वयकेला कळायच्या आधीच आक्का आणि सचिव वडापनं जाऊन अर्ज देऊन आल्या होत्या. पोच आणलीय. तीस दिवस मोजतोय, आज अकरावा.